तडा तसाच ठेवणाऱ्या संग्राहकास

आदरणीय महोदय,

आपण खुली केलेली ती ध्वनिमुद्रिका मी रोज ऐकतो आहे आणि आता हे पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही. जिचे नाव केवळ जुन्या जाणकारांच्या बोलण्यातून कानावर येत असे, जिच्या तबकड्या बाजारातून नाहीशा होऊन कित्येक दशके लोटली, त्या गायिकेचा आवाज आपल्यामुळे आज कोणालाही ऐकता येतो.

या आवाजासाठी मी याआधी ज्यांची दारे ठोठावली, त्यांच्याविषयीही थोडे लिहितो, कारण त्यावाचून आपल्या कामाचे मोल कळणार नाही. ज्यांच्याकडे जुन्या मुद्रणांचा साठा आहे, त्यांनी ‘मागणी नाही’ एवढेच कळवले. जे ऐकायलाच मिळत नाही त्याची मागणी लोकांनी करावी कशी, या माझ्या प्रश्नाला उत्तर आले नाही. ही अनास्था सगळीकडचीच दिसते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की १८९० ते १९६४ या काळातल्या महत्त्वाच्या मुद्रणांपैकी जेमतेम १४ टक्के हक्कदारांनी श्रोत्यांना उपलब्ध करून दिली होती. आमच्या गायिकेचे एक गाणे मध्यंतरी कोणीतरी एका संकलनात घातले खरे, पण खरखर घालवण्याच्या नादात आवाजाची धारच बोथट केली, वर कृत्रिम घुमारा चढवला आणि साथीदारांची नावे किंवा तबकडीचा क्रमांक देण्याची तसदीही घेतली नाही. तबकडी जास्त वेगाने फिरवल्यामुळे स्वर चढला होता, आणि एका प्रौढ, भारदस्त गळ्याची ओळख श्रोत्यांना पोरसवदा आवाज म्हणून झाली.

आपण मात्र पेटीची पट्टी कानाने ओळखून आधी गती ठरवलीत, कारण मिनिटाला ७८ फेऱ्यांची म्हणवणारी प्रत्येक जुनी तबकडी त्याच गतीने मुद्रित झालेली नसते. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसली तर तिचा पृष्ठभागच विरघळतो आणि तिच्या रुंद खाचांना नंतरच्या एलपी तबकड्यांची बारीक सुई चालत नाही, हे जाणणारा माणूस या कामाला लाभला, हे त्या गायिकेचे आणि आमचेही भाग्य.

पण मला सर्वांत भिडली ती आपण सोबत लिहिलेली एक ओळ. तबकडीला मध्यापर्यंत तडा गेला आहे. प्रत्येक फेऱ्याला एक ठोका, म्हणजे तीन मिनिटांत दोनशेहून अधिक ठोके, आणि ते आपण एकेक करून हाताने काढलेत. अंतऱ्याच्या पहिल्या अक्षरापाशी मात्र एक ठोका राहिला आहे, आणि त्याविषयी आपण लिहिले आहे : ‘येथे तडा थेट स्वरावर आला आहे. काढला तर स्वर दुखावतो, म्हणून ठेवला आहे.’ आपण तो गुपचूप काढला असता तर कोणाला कळलेही नसते. गेलेल्या कलावंताच्या एका स्वराचा एवढा मान राखावा आणि अनोळखी श्रोत्याला जे आहे ते खरेखरे सांगावे, हा सभ्यपणा आज फार दुर्मीळ झाला आहे. तो ठोका आता मला खटकत नाही; त्याच्या मागोमाग येणारा, किंचित रुंदावत जाणारा षड्ज अधिकच जवळचा वाटतो.

दुर्मीळ वस्तू हाती आली की ती कुलूपबंद ठेवून तिच्या दुर्मीळपणाचा मोठेपणा मिरवणारे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. आपण स्वतःच्या पदरमोडीने, रात्री जागून केलेले काम लोकांच्या हवाली केलेत, वर नावही मागे ठेवले नाहीत. आपल्या या औदार्याला मी आदराने वंदन करतो.

याच गायिकेची एक तबकडी माझ्याकडे आहे. काठाचा टवका उडाला आहे, पण गाणे सुरू होते त्या खाचेपर्यंत तो पोचलेला नाही. आपल्या यादीत तिचा क्रमांक मला दिसला नाही. आपण कळवाल त्या दिवशी मी ती स्वतः आणून देईन, आणि काम होईपर्यंत ती आपल्याकडेच राहू द्यावी.

आपला ऋणी,
एक श्रोता