वर एक इंच, खाली एक इंच सहा सूत

रॉचेस्टर, न्यूयॉर्क
19 ऑक्टोबर

प्रिय दत्त्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोन आले, तेही घेतले नाहीत. आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे कळूनही मी विचारलं नाही, याला कामाचं कारण सांगायची मला लाज वाटते. रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. इकडे सगळे बरे. आईचे गुडघे तसेच.

आईवरूनच सुरू करतो. तिला खुर्ची पुढच्या दारापाशीच लागते. सकाळचं ऊन तिथे येतं, शाळेची बस दिसते, टपालवाली हात करते. पण याच दारातून वारा येतो. इथे वर्षाला सरासरी शंभर इंचांच्या आसपास बर्फ पडतो, ओंटारिओ तळ्यावरून वारं सुटलं की काही विचारू नकोस. म्हणून घराच्या दाराबाहेर आणखी एक काचेचं दार असतं, स्टॉर्म डोअर. आपण पावसाआधी पडवीला झाप बांधायचो ना, त्याच जातीचं.

आमचं घर 1926 सालचं. बाहेरचं दार लाकडी, जुनं. 2017 च्या मार्चमध्ये इथे ताशी 81 मैलांचं वारं झालं, झाडं आडवी झाली, तेव्हाही ते टिकलं. यंदा एप्रिलमध्ये मात्र वाऱ्याने साखळी तुटली, दार फाडकन उघडलं आणि खालची बिजागरी लाकडासकट बाहेर आली. बिजागरीकडचा उभा, म्हणजे दाराच्या त्या कडेचं उभं लाकूड, खालून कुजला होता, हे तेव्हा कळलं.

नवं दार मागवायला मी माप घेतलं. उंबरठा साफ करत बसलो होतो, तिथेच टेप लावली. छत्तीस इंच बरोब्बर. उंची ऐंशी, ती दुकानातल्या दारांचीच. छत्तिसाचं अ‍ॅल्युमिनियमचं दार आलं, उभं केलं आणि वर अडलं. मग टेप वर धरली तर पस्तीस इंच दोन सूत, म्हणजे सव्वापस्तीसच! बिजागरीकडची बाजू ओळंब्यात नव्हतीच. लाकडी असतं तर रंधा मारला असता. अ‍ॅल्युमिनियमला काय करणार?

हो, आठवलं तुला. नववीतलं मखर. मी कोनाडा खालीच मोजला होता आणि तू सगळ्या पोरांसमोर म्हणालास, "ह्येच्या हातात टेप देव नको." गिलावा नंतर केला म्हणून मखर बसलं नाही, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. ते खोटं होतं. तू बरोबर होतास. आठ दिवस अबोला धरलास ते मात्र जास्त झालं, आणि तो रंधा मी नाही, तूच पाडलास, हे मी आप्पांसमोरही सांगेन.

एका माणसाला बघायला बोलावलं. तो म्हणाला, चौकट उपटा, चौकोनी नवी बसवा, नाहीतर दार कधीच बसणार नाही. शंभर वर्षांची चौकट, कुठे कीड नाही, तडा नाही, ती उपटायची? मला झोप लागेना. रात्री गॅरेजमध्ये गेलो आणि मोडकं दार सहज मोजलं. खाली पाऊण इंच जास्त रुंद. सहा सूत! म्हणजे चौकट जेवढी कलली तेवढंच दार तिरकं तासलेलं. लांबून पाहिलं तर कुणाला कळणार नाही. बिजागरीच्या कडेवरून हात फिरवला तर रंध्याचे हलके खळगे बोटांना लागत होते.

दत्त्या, मी तिथेच खाली बसलो. "दार चौकटीक बसवचा, गुण्याक न्हय." काटकोनाच्या गुण्याला नव्हे, आहे त्या चौकटीला दार बसवायचं, आप्पा आपल्याला ओरडायचे तेच. ते तो कोण अनोळखी सुतार इथे न बोलता करून गेला होता. ही गोष्ट मी घरात सांगितली, ऑफिसातही सांगितली. सगळे छान म्हणाले. म्हणून तुला लिहितोय.

मग ठरलं. छत्तिसाचं परत केलं, चौतिसाचं आणलं. त्याला चौकटीचं भोक चौतीस इंच तीन सुतांपर्यंत चालतं. मी चौतीस दोन धरलं आणि उरलेल्या फटीला बिजागरीकडे उभी पाचर केली, वर एक इंच, खाली एक इंच सहा सूत. लाकूड विकत आणलं नाही. जुन्या दाराचा कडीकडचा उभा ठणठणीत होता, त्यातूनच काढली. 1978 च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तोंडाला मास्क लावून आधी ओला करून रंग खरवडला. खाली लाकूड मधासारखं निघालं, इतक्या बारीक शिरा की नखाने मोजाव्यात. पाचर चौकटीत लांब स्क्रूंनी कसली, वर रंगाचे दोन हात दिले. दाराची बिजागरीकडची पट्टी उंबरठ्याच्या उताराला जुळवून हॅकसॉने तिरकी कापली. ओळंबा सोडला, दोरी वरपासून खालपर्यंत पाचरीला समांतर. दार लावलं आणि कडी एका बोटाने लागली.

सगळं झाल्यावर कडेने उदबत्ती फिरवली, धूर कुठे हलतो बघायला. आई म्हणाली, "देवाला दाखव आधी, मग दाराला." धूर सगळीकडे सरळ, फक्त कडीकडच्या वरच्या कोपऱ्यात आत वळतो. तिथे फट एक सूत आहे, बाकी ठिकाणी त्याहून कमी. रबर लावून झाकेन, पण मन तिथेच अडकलंय. रात्री वारं सुटलं की उठून हात लावून येतो. नोव्हेंबर आला, आणि तिची खुर्ची मी हलवणार नाही.

सायलीचं बारावीचं वर्ष ना? तिला सांग, फिजिक्सचं काही अडलं तर रविवारी फोन कर, मी घेईन. तुझी साखर किती? वहिनींना नमस्कार. कौलं शाकारून झाली का, तेही लिही.

आणि हे पत्र आप्पांना वाचून दाखव, मापांसकट. त्यांना विचार, आपल्याकडे पावसात लाकूड फुगतं म्हणून ते दाराला एक सूत सोडायचे. इथे उलट आहे, हिवाळ्यात घरं तापवतात, लाकूड सुकून आकसतं, फुगतं ते उन्हाळ्यात. मी पाचर ऑक्टोबरात बसवली. कोपऱ्यातलं ते एक सूत आत्ताच बुजवू, की जुलै बघून मग?

तुझा,
बंड्या