नुसते वाण मोजू नका : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

भाजीपाल्याच्या वाणांचा विषय निघाला की एक बाजू म्हणते, शतकभरात जवळजवळ सगळे जुने वाण गेले. दुसरी म्हणते, वाणांची तर रेलचेल आहे. गंमत म्हणजे दोघांनाही पुरावा एकाच यादीत सापडतो.

१९०३ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने तिथल्या बियाणे कंपन्यांच्या सूचिपत्रांतले भाजीवाण एकत्र करून छापले. १९८३ मध्ये एका संस्थेने ६६ पिकांपुरती ती यादी राष्ट्रीय बीजसंग्रहाशी ताडून पाहिली आणि सुमारे ९३ टक्के वाण नाहीसे झाल्याचे सांगितले. आकडा जगभर फिरला. पण तुलनाच विजोड होती : इकडे विक्रीची सूचिपत्रे, तिकडे सरकारी संग्रह. पुढे पॉल हील्ड आणि सुझाना चॅपमन या संशोधकांनी सूचिपत्रे सूचिपत्रांशीच ताडली. ४८ पिकांचे १९०३ साली ७,२६२ वाण होते, २००४ साली ७,१००. घट जेमतेम दोन टक्के!

हे ऐकून खाते निर्धास्त होण्याआधी त्याच अभ्यासातली दुसरी नोंद वाचावी. १९०३ च्या वाणांपैकी २००४ च्या सूचिपत्रांत उरले होते सुमारे सहा टक्के. गावाची शिरगणती तेवढीच भरावी, पण जुनी घराणी बहुतेक उठून गेलेली असावीत, तसे हे झाले. त्यातही १९०३ च्या यादीत एकच वाण दोन-तीन नावांनी आलेला असू शकतो, आणि आजचे दहा संकरित वाण एकाच आईबापाच्या गोतावळ्यातले असू शकतात. नावे मोजून वैविध्य कळत नाही, ते एवढ्यासाठी.

बी जनुकपेढीत, म्हणजे वाणांचे नमुने जपणाऱ्या संग्रहात, ठेवले की प्रश्न मिटला, असेही नाही. कांद्याचे बी साध्या साठवणीत एक-दोन वर्षांतच उगवणशक्ती गमावू लागते. शीतगृहात ते जास्त टिकते, तरी कधीतरी पेरून ताजे करावेच लागते. कांदा, कोबी, गाजर, मुळा ही परपरागीकरणाची, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागाने बी धरणारी, पिके. त्यांना विलगीकरण अंतर (दुसऱ्या वाणाचा पराग येऊ नये एवढे लांब लावणे) लागते आणि बियाण्यासाठी पुष्कळ झाडे राखावी लागतात. मोजक्याच झाडांचे बी धरले तर नाव तेच राहते, आतले वैविध्य पिढीगणिक आकसते. टोमॅटो, वाटाणा बहुतांशी स्वपरागी, म्हणजे आपल्याच परागाने बी धरणारे, म्हणून हौशी माणसालाही ते जमतात. कोबीचे बी धरणारे मात्र विरळा. तो फुलायलाच सहसा दुसरे वर्ष उजाडते. सरकारी पैसा आधी कुठे लागावा, हे यावरून ठरवता येईल.

वाणाच्या नोंदणीसाठीचा एकजिनसीपणाचा, म्हणजे सगळी झाडे सारखी असण्याचा, निकषही जुन्या वाणांच्या मुळावर येतो. शेतकऱ्यांच्या हातून आलेल्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणात थोडा सरमिसळपणा असणारच, आणि चाचणीत नेमका तोच दोष ठरतो. युरोपीय संघाने २००९ साली अशा भाजीवाणांसाठी सैल अटींची वेगळी वाट काढली. बियाण्याच्या प्रमाणावर त्यांनी मर्यादा घातली, ती मला फार पटत नाही. पण वाट तरी आहे.

म्हणून विनंती एवढीच, की खात्याच्या वाणसूचीत प्रत्येक नावापुढे आणखी तीन रकाने असावेत : बी आज प्रत्यक्ष विकत मिळते का, जनुकपेढीतला नमुना शेवटचा कधी आणि किती झाडांवरून ताजा केला, आणि शेजारी-शेजारी लावून पाहिल्यावर हा वाण खरोखर वेगळा ठरला का. सुरुवात परपरागी पिकांपासून करावी आणि ही सूची दरवर्षी सर्वांसाठी खुली ठेवावी.

आपला,
भाजीपाला बियाण्यांचा एक अभ्यासक