अणुभट्टी बंद असते तेव्हाचं पाणी कोण मोजतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जैतापूरवरचा तुमचा मोठा लेख वाचला. चांगला जमलाय, जमिनींचा प्रश्न, मच्छिमारांचं म्हणणं, फ्रेंचांच्या विजेचा दर, सगळं नीट आलंय. पण मधेच एका ठिकाणी असं लिहिलंय की इंधन बदलायला अणुभट्टी अधूनमधून काही आठवडे बंद ठेवतात आणि तेवढा काळ तरी धोक्याचा विषय नसतो. हे कुठून काढलंत कळेना, म्हणून हे पत्र. लांब झालंय, जागा नसेल तर माझी बडबड कापा पण आकडे कापू नका प्लीज.

मी काही अणुशास्त्रज्ञ वगैरे नाही. अख्खी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली, आधी खताच्या कारखान्यात मग बॉयलरवर, म्हणजे टाकीत किंवा ड्रममध्ये पाणी किती आहे हे सांगणारी गेजं बसवायची आणि ती खोटं बोलायला लागली की धरायची. त्यामुळे अणुभट्टीच्या अपघातांचे रिपोर्ट वाचतानाही माझं लक्ष आधी तिकडेच जातं.

तर मुद्दा असा की भट्टी बंद केली म्हणजे साखळी प्रक्रिया थांबते, पण इंधनात तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं उष्णता टाकतच राहतात. एका दिवसाने पूर्ण ताकदीच्या साधारण अर्धा टक्का, आठवड्याने पाव टक्क्याच्या थोडी वर. टक्केवारी बघून हसू येतं पण मोठ्या भट्टीची एकूण उष्णता तीन-चार हजार मेगावॅट असते, तिचा ०.३ टक्का म्हणजे १० मेगावॅट, आणि याला स्विच नाहीये. वहीवर मांडून बघा, १०० टन पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला १० मेगावॅटला पन्नासएक मिनिटं लागतात. म्हणजे थंड करणारा पंप थांबला आणि इंधनावर पाणी कमी असलं तर तुमच्या हातात साधारण एक शिफ्टचा चहा होईपर्यंतचा वेळ.

आता पाणी कमी कशाला करतील असं कोणी विचारेल. जैतापूरला ज्या यायच्या आहेत त्या दाबाखालच्या पाण्याच्या भट्ट्यांमध्ये स्टीम जनरेटरच्या (भट्टीच्या गरम पाण्यावर वाफ करणाऱ्या टाक्यांच्या) नळ्या तपासाव्या लागतात, त्यासाठी आत बंधारे, म्हणजे पाणी अडवणारी झाकणं, बसवायची असतात, आणि ते बसवायला भट्टीतून निघणाऱ्या मोठ्या पाइपातलं पाणी अर्ध्यावर आणतात. याला मिड-लूप म्हणतात. हा पाइप आतून पाऊण मीटरच्या आसपास व्यासाचा, त्यात पाणी अर्धं, आणि त्याच पाइपाच्या बुडातून थंड करणारा पंप पाणी ओढतोय. लेव्हल काही इंच खाली गेली की भोवरा पडतो, पंप हवा ओढतो, आणि हवा ओढणारा पंप पाणी फिरवत नाही. चालू भट्टीत काही इंच इकडेतिकडे झाले तर कोणी मान वर करून बघणार नाही, इथे तेवढ्यात खेळ होतो. इंधन प्रत्यक्ष हलवताना उलट भट्टीवरचं कुंड भरून सातेक मीटर पाणी वर असतं, तेव्हा बराच निवांतपणा असतो. अडचण त्याच्या आधीची आणि नंतरची.

१० एप्रिल १९८७ ला कॅलिफोर्नियात डायब्लो कॅन्यनच्या दुसऱ्या युनिटमध्ये हेच झालं. भट्टी बंद होऊन आठवडा झालेला, पाणी अर्ध्या पाइपावर, कुठूनतरी व्हॉल्व्हमधून थोडं थोडं गळत होतं आणि ते कंट्रोल रूमच्या लक्षात येत नव्हतं, कारण लेव्हल दाखवणाऱ्या साधनांत एक होती साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी. गवंडी दोन भिंतींची लेव्हल बघायला पाणी भरलेला पाइप धरतो ना, तत्त्व तेच. पंपाने हवा ओढली, तो बंद करावा लागला, दुसरा लावला तर त्याचंही तेच, आणि जवळपास दीड तास कूलिंग नव्हतं, पाणी उकळलं. गाभ्याचं, म्हणजे इंधन असतं त्या भागाचं, तापमान दाखवणारी थर्मोकपल झाकण उचलायच्या तयारीसाठी आधीच सोडवून ठेवलेली, म्हणजे आत उकळतंय की नाही हे सांगणारं काही नाही. त्यात भट्टीभोवतीच्या, किरणोत्सार अडवणाऱ्या घुमटाचं मोठं दारसुद्धा उघडं. शेवटी वरच्या टाकीतून नुसत्या उतारावर पाणी सोडून लेव्हल वर आणली तेव्हा पंप नीट चालला. इंधनाला काही झालं नाही, पण रिपोर्ट वाचून मला घाम फुटला होता.

यानंतर १९८८ मध्ये अमेरिकन नियामकाने सगळ्या अशा प्लँटना पत्र काढलं: पाणी खाली आणायचं असेल तर दोन स्वतंत्र आणि सतत चालणारी लेव्हल गेजं हवीत, गाभ्याचं तापमान दोन ठिकाणांहून कळलं पाहिजे, आणि घुमट वेळेत बंद करता आला पाहिजे. मला विचाराल तर यात नवीन काहीच नाही, बॉयलरवाल्यांना दोन गेज ग्लासचा (पाण्याची पातळी दिसणाऱ्या काचनळ्यांचा) नियम आमच्या आज्यापणज्यापासून आहे. पण तिथे तो लागू व्हायला पाणी उकळावं लागलं.

बरं पत्र काढून प्रश्न संपला का, तर नाही. मार्च १९९० मध्ये जॉर्जियातल्या व्होग्टल प्लँटमध्ये एक ट्रक स्विचयार्डमध्ये रिव्हर्स घेताना लाइनच्या खांबावर धडकला, बाहेरची वीज गेली, एक डिझेल जनरेटर दुरुस्तीला उघडलेला, दुसरा चालू होऊन बंद पडला. पाणी तेव्हाही मिड-लूपला. ३६ मिनिटांत तापमान ३२ वरून ५८ अंशांवर. आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये मिनेसोटातल्या प्रेअरी आयलंडला पाणी उतरवताना वर नायट्रोजनचा दाब होता, त्या दाबामुळे नळीतलं रीडिंग जसंच्या तसं घेता येत नव्हतं, माणसाने हाताने हिशोब करून खरी लेव्हल काढायची, आणि तो हिशोब चुकला. लेव्हल हवी त्याच्या खाली गेली, वीसेक मिनिटं कूलिंग गेलं.

मला यातलं प्रेअरी आयलंडच जास्त लागतं. वायूचा दाब, इम्पल्स लाइनमध्ये (गेजपर्यंत दाब नेणाऱ्या बारीक नळीत) अडकलेला बुडबुडा, गरम पाण्यासाठी कॅलिब्रेट केलेलं गेज थंड पाण्यावर वापरणं, हे आमच्या धंद्यातले रोजचे रोग आहेत. गेज बंद पडलं तर लगेच कळतं, शांतपणे चुकीचा आकडा दाखवत बसलेलं गेज सापडत नाही, आणि शटडाऊनमध्ये नेमकं हेच वाढतं कारण कायमची साधनं सोडवलेली असतात, तात्पुरती जोडलेली असतात, बाहेरच्या कंत्राटदारांची शेकडो माणसं आत असतात आणि प्रत्येकाला काम लवकर उरकायचं असतं, बंद प्लँट म्हणजे रोजचा तोटा.

फ्रान्सचं सांगतो कारण जैतापूरशी थेट तेच जोडलेलं आहे. १९९० च्या सुमारास फ्रेंचांनी आपल्या भट्ट्यांच्या धोक्याचा पूर्ण हिशोब मांडला, तेव्हा १३०० मेगावॅटच्या भट्ट्यांमध्ये गाभा वितळण्याच्या एकूण शक्यतेपैकी निम्म्याहून जास्त वाटा बंद अवस्थेतला निघाला. त्या आधी सगळे चालू भट्टीचाच विचार करत बसले होते. मग त्यांनी सुधारणा केल्या, नवीन ईपीआरच्या, म्हणजे जैतापूरला यायच्या त्याच जातीच्या भट्टीच्या, डिझाईनमध्येही हे धरलेलं आहे. म्हणजे ज्यांच्याकडून आपण घेतोय त्यांना हा विषय पाठ आहे. माहिती नाही ती आपल्याकडे, आणि त्याला तुम्ही पेपरवालेही थोडे जबाबदार आहात, राग नसावा.

फुकुशिमाचं नाव निघालं की त्सुनामी आणि स्फोट एवढंच बोललं जातं. तिथली चौथी भट्टी मार्च २०११ ला बंदच होती, दुरुस्तीसाठी, सगळं इंधन काढून वरच्या कुंडात ठेवलेलं. वीज गेल्यावर त्या कुंडात पाणी आहे की नाही हे कोणालाच कळेना, अमेरिकन नियामकाचे प्रमुख तर पाणी संपलंय असं जाहीर सांगून बसले. नंतर कळलं की पाणी होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेने वापरलेल्या इंधनाच्या कुंडांना भरवशाची लेव्हल गेजं बसवायचा हुकूम काढला, २०१२ मध्ये!

आपल्याकडे हा विषय फारसा निघाला नाही त्याचं कारणही आहे. आपल्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या, त्यात भट्टी चालू असतानाच मशीनने इंधन बदलतात, तारापूरची ३ आणि ४ तशीच. त्या देखभालीसाठी बंद होतात तेव्हा उष्णता काढावीच लागते, पण इंधन बदलायला म्हणून झाकण उघडावं लागत नाही. तारापूरची १९६९ ची जुनी १ आणि २, आणि कुडनकुलमच्या रशियन भट्ट्या, एवढ्यांनाच त्यासाठी बंद व्हावं लागतं. त्यातही तारापूरच्या जुन्या जोडीला असले स्टीम जनरेटर खोलायचे नसतात, म्हणून मिड-लूपची कटकट तिथे नाही. मग जैतापूर झालं तर १७३० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, आणि सहा असल्या की वर्षातून बऱ्याचदा कुठली ना कुठली उघडी असणारच.

मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही, कोळशाची राख आयुष्यभर खाल्लीय. पण २०१० मधल्या माडबनच्या जनसुनावणीपासून आजवर भूकंप, समुद्र, आंबा, मासे यावर जेवढं बोललं गेलं त्याच्या शंभराव्या हिश्शाने तरी यावर बोलणं व्हायला हवं. तुमचा प्रतिनिधी पुढच्या वेळी अणुऊर्जा महामंडळाच्या किंवा नियामक मंडळाच्या साहेबांना भेटेल तेव्हा त्याला एवढं विचारायला सांगा: भट्टी बंद केल्यावर किती दिवसांनी पाणी अर्ध्या पाइपावर आणणार, आणि त्यावेळी पंप गेला तर उकळायला किती मिनिटं? लेव्हल दाखवणारी साधनं किती, ती वेगवेगळ्या तत्त्वावर चालतात की एकाच नळीला तीन डिस्प्ले लावलेत? इंधन पूर्ण बाहेर काढल्यावरच पाणी उतरवलं तर किती दिवस जास्त लागतील आणि त्याचे पैसे किती? आणि कुडनकुलमच्या आजवरच्या शटडाऊनमध्ये हे आकडे काय होते, ते मराठीतून छापायला मिळतील का? उत्तरं आली तर मला कळवा, नाही आली तर तेही छापा.

आपला,
एक जुना वाचक, चिपळूण