जिनमधली पानं चवीसाठीच, औषध म्हणून नकोत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी हर्बल जिन कॉकटेल कसं करावं यावर लेख आला आहे. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून दोनदा वाचला. आमचं घर फोंडा तालुक्यात, कुळागराला म्हणजे सुपारीच्या बागायतीला लागून. मी उच्च माध्यमिकला वनस्पतिशास्त्र शिकवत होते. निवृत्तीनंतर परसातली पानं जिनमध्ये घालून त्यांचा गंध कसा उतरतो ते पाहण्याचा नाद लागला. मुलगा-सून पुण्याहून आले की श्रावण आणि चतुर्थीचे दिवस सोडून संध्याकाळी आमच्या ओसरीवर हा कार्यक्रम ठरलेला असतो, आणि त्यात माझाही एक छोटा ग्लास असतो. तेव्हा मी हे पत्र दारूच्या विरोधात लिहीत नाही. ‘मूठभर ताजी पानं बाटलीत टाकून आठवडाभर ठेवा’ आणि ‘तुळस-गवती चहाची ही जिन प्रतिकारशक्ती वाढवते’ या लेखातल्या दोन वाक्यांना माझी हरकत आहे.

आधी आठवड्याचं. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक जिनमध्ये 42.8 टक्के मद्यार्क असतो. पानातली सुगंधी तेलं पाण्यात फारशी उतरत नाहीत, इतक्या तीव्र मद्यार्कात मात्र झटकन उतरतात. कोवळ्या पानाचा चांगला गंध पहिल्या दोन-तीन तासांतच जिनमध्ये आलेला असतो. त्यानंतर उतरतं ते हरितद्रव्य आणि तुरट, कडवट द्रव्यं. आठवडाभर भिजलेला पुदिना मळकट तपकिरी होतो आणि जिनला ओल्या गवताचा वास येतो. ज्युनिपर (जिनला तिचा मूळ गंध देणारं फळ), धणे, लिंबाची साल वापरून कारखान्यात बेतून आणलेली चव त्याखाली पार गाडली जाते. आठवडाभर मुरवायचंच असेल तर दालचिनी, वेलची यांसारखे सुके मसाले घ्यावेत, आणि तेही रोज चाखून पाहत.

माझी पद्धत अशी. पाव लिटर जिन स्वच्छ काचेच्या बरणीत घ्यायची. गवती चहाची हिरवी पाती चहाला ठेवायची आणि जिनला बुडखा घ्यायचा, तो पांढरट, जाडसर भाग. असे दोन बुडखे पाट्यावर हलके ठेचून सकाळी घातले की संध्याकाळपर्यंत पुरे. लिंबाची साल घालायची तर फक्त वरची हिरवी, आतला पांढरा भाग आला की कडू झालंच. सब्ज्याची दहा-बारा पानं अगदी शेवटी, दोन तासांसाठी. मग मलमलच्या फडक्यातून गाळायचं आणि पानं लगेच काढून टाकायची. गाळलेली जिन फ्रिजमध्ये ठेवून पंधरवड्यात संपवावी. ती खराब होते असं नाही, पण गंध उडतो. बरणीवर नाव आणि तारखेची चिठ्ठी लावाच, कारण घरात लहान मुलं असली तर फ्रिजमधली ही फिकट हिरवी बाटली त्यांना सरबताची वाटते.

तुळशीऐवजी सब्जा का, हे सुनेनेही विचारलं होतं. वृंदावनातल्या तुळशीचं पान दारूत घालायला माझा हात होत नाही. सब्जा तुळशीच्याच कुळातला, इटालियन स्वयंपाकातल्या बेसिलचा सख्खा, आणि जिनशी त्याचं फार छान जमतं. हँबर्गमधल्या ‘ले लिआँ’ या बारमध्ये यॉर्ग मेयर यांनी 2008 मध्ये ‘जिन बेसिल स्मॅश’ हे कॉकटेल केलं आणि ते जगभर गेलं. त्यात पानं भिजवून ठेवतच नाहीत. ओंजळभर बेसिल लिंबाबरोबर तिथल्या तिथे चेचायचं, त्यावर जिन, साखरेचा पाक आणि बर्फ, जोरात हलवायचं आणि गाळायचं. आमच्याकडे मी 45 मिलि जिन, 20 मिलि लिंबाचा रस आणि तेवढाच पाक घेते. पाकाला साखर आणि पाणी समसमान. सब्जा चेचताना दयामाया नको, पण पुदिना हलकेच दाबायचा, रगडला की तो कडवटतो. गोंयकारांना हे काही नवीन नाही. काजूच्या मोसमात हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची हलकी दारू, घेतात तेव्हा लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची ग्लासातच पडते, कुणी ती बाटलीत आठवडाभर मुरवत बसत नाही.

आता प्रतिकारशक्तीचं, आणि हे मला जास्त डाचलं आहे. सर्दीवर फेणी, हे मी माहेरी लहानपणापासून ऐकत आले. जिन-टॉनिकची सुरुवातही औषधातूनच झाली. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळं काढलं ते 1820 मध्ये, पॅरिसला, पेल्टिए आणि काव्हांतू यांनी. मलेरियाच्या भीतीने हिंदुस्थानातले इंग्रज हे कडू क्विनीन घेत, आणि ते घशाखाली उतरावं म्हणून सोडा, साखर, लिंबू आणि जिन आली. मलेरिया आणि कॉलऱ्याने जुनं गोवं ओस पाडलं, त्यामुळे या भीतीचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पण आजच्या टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन किती? अमेरिकेतल्या नियमानुसार लिटरला जास्तीत जास्त सुमारे 83 मिलिग्रॅम. मलेरियाच्या प्रौढ रुग्णाला क्विनीन द्यायचं झालं तर ते दिवसाला 1800 मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. म्हणजे रोज एकवीस लिटरांहून जास्त टॉनिक. ज्या पेयात औषध खरोखर आहे त्याची ही गत, तर दहा पानांवरून फिरलेल्या जिनमध्ये कसली प्रतिकारशक्ती येणार?

शिवाय ग्लासात पानाबरोबर मद्यार्कही असतो. 30 मिलि जिनमध्ये तो साधारण 10 ग्रॅम असतो. मद्य कर्करोगकारक आहे हे 1988 मध्येच ठरवलं गेलं, त्याला आता इतकी वर्षं झाली. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं. त्यात तुळस घातली म्हणून यातलं काहीही कमी होत नाही. एरवी दारूला न शिवणारी माझ्या वयाची माणसं ‘काढाच आहे’ म्हणून रोज रात्री एक घोट घेऊ लागतील, आणि त्यांच्या उशाशी मधुमेहाच्या, झोपेच्या गोळ्या असतील, ही माझी खरी काळजी आहे. घ्यायची तर चवीसाठी, चारचौघांत, जिन आहे हे जाणून घ्यावी. मला स्वतःला ती आवडते म्हणूनच हे बजावून सांगावंसं वाटतं.

लेखाबरोबरच्या छायाचित्रात निळं कॉकटेल होतं. ते गोकर्णाच्या फुलांचं. लिंबू पिळलं की निळ्याचं जांभळं-गुलाबी होतं, कारण त्यातलं रंगद्रव्य आंबटपणाने रंग बदलतं. दिसायला फार सुंदर. पण खाली ‘परसातली कोणतीही फुलं वापरून पाहा’ अशी ओळ छापली आहे, ती वाचून मी दचकले. गोव्यात आणि कोकणात घराघरांपुढे कण्हेर असते, पिवळी कण्हेर असते, कुंपणाशी धोतरा असतो. कण्हेरीतलं विष थेट हृदयावर परिणाम करतं, आणि वनस्पतींतली कित्येक विषं मद्यार्कात सहज उतरतात. जे पान, जे फूल आपल्या स्वयंपाकात खाल्लं जातं तेवढंच ग्लासात घालावं.

पुढच्या रविवारी त्याच पानावर ठळक चौकट देऊन प्रतिकारशक्तीचं विधान मागे घ्यावं आणि ‘कोणतीही फुलं’ ही ओळ दुरुस्त करावी, अशी विनंती आहे. पाककृती पुन्हा छापलीत तर पानांपुढे तास आणि जिनपुढे मिलि लिहायला विसरू नका.

आपली,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका
फोंडा, गोवा