रुग्णालयाचा चित्रनकाशा केस पेपरच्या रांगेसमोर लावा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतलं मुंबईच्या जुन्या वास्तूंवरचं पान वाचलं. त्यात जे. जे. रुग्णालयाच्या वाट्याला चार ओळी आणि एक फोटो आला आहे. तक्रार नाही, जागाच तेवढी असते. पण या रुग्णालयाची गोष्ट लिहिण्यापेक्षा काढून दाखवण्याजोगी आहे, असं मला बरीच वर्षं वाटत आलंय. तिचा एक चित्रनकाशा काढून रुग्णालयातच लावावा, हे सुचवायला हे पत्र.

आधी माझा संबंध सांगतो. मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तीस वर्षं चित्रकार होतो. असं पद असतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. शरीररचना विभागाचे तक्ते रंगवायचे, फॉर्मलिनच्या वासात टेबलाशी उभं राहून नसा-धमन्या काढायच्या, परिषदेच्या आदल्या रात्री सरांच्या स्लाइड करून द्यायच्या आणि कुणी मोठे पाहुणे यायचे असले की स्वागताचा फलकही रंगवायचा. त्याआधी शिकलो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. गावी आईनं कौतुकानं सांगितलं, 'पोरगा मुंबईला जे.जे.त आहे', तर शेजारचे आजोबा दारात येऊन विचारू लागले, 'काय झालंय त्याला? किती दिवस ठेवून घेणारेत?' त्यांचं तरी काय चुकलं? दोन्ही जे.जे.मागे माणूस एकच. जमशेटजी जीजीभॉय यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले आणि पुढे कलाशाळेसाठीही लाखच दिले. रुग्णालय 1845चं, कलाशाळा 1857ची.

चित्रनकाशा म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा प्राणिसंग्रहालयाच्या दारात लावतात तसा. इमारती थोड्या उंचावरून पाहिल्यासारख्या, प्रत्येकीपाशी तिची माणसं, तिथं घडलेलं काही. इंच-फुटांचा हिशेब त्याला लागू नाही, आणि जे.जे.साठी तेच सोयीचं आहे. 1896च्या ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन प्लेगवर लस शोधायला मुंबईत आले, तेव्हा त्यांना जे.जे.च्याच आवारातल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळाली ती एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन नोकर. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. बांधकाम खात्याच्या आराखड्यात ती खोली नखाएवढी दिसेल. माझ्या नकाशात ती बाह्यरुग्ण विभागापेक्षा मोठी असेल. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये संस्था उभी राहिली, तिला त्यांचं नाव मिळालं, हे सगळ्यांना माहीत असतं. खोली मात्र कुणाला माहीत नसते.

पण मला या आवारात सर्वात जवळचा वाटणारा माणूस वेगळाच आहे. हेन्री व्हॅनडाइक कार्टर. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या ज्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'वर वाढल्या, त्यातली चित्रं याच्या हातची. 1858 साली पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात 363 चित्रं होती. पुस्तक लंडनच्या बाजारात आलं तेव्हा चित्रकार मुंबईत होता, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायला. पुस्तकावर नाव राहिलं ते ग्रे यांचं. कार्टर पुढे काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते, मग पुन्हा मुंबईत आले आणि 1877च्या साथीत उलटून येणाऱ्या तापाचे जंतू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मी तीस वर्षं त्यांच्या चित्रांवरून तक्ते काढले. ते आपल्या साताऱ्यात राहून गेले, हे मला कळलं निवृत्तीनंतर. आमच्या विभागात कुणी सांगितलंच नाही. सांगणार तरी कोण, कुणाला माहीतच नव्हतं.

त्यांचं एक कसब मात्र नोकरीच्या पहिल्या वर्षीच हाताला लागलं होतं. जुन्या चित्रांत अवयवांना क, ख, ग अशी अक्षरं देत आणि खाली यादी. विद्यार्थी वर-खाली बघून बेजार. कार्टर यांनी धमनीचं नाव धमनीवरच लिहिलं, तिच्या वळणानं वळत जाणारं. रस्त्याचं नाव नकाशात रस्त्यावरच लिहावं तसं. रुग्णालयाच्या नकाशातही तेच हवं. '27 : क्ष-किरण विभाग' अशी खाली यादी दिली, तर आजारी बापाला स्ट्रेचरवर ठेवून उभा असलेला मुलगा ती वाचणार नाही. नाव जागेवर हवं. ठसठशीत हवं. मराठीत हवं.

आता अडचणीचं. चित्रनकाशा काढायला बसलं की हात आपोआप गोड व्हायला लागतो. हसऱ्या परिचारिका, गोबऱ्या गालांची बाळं, झाडावर पोपट. रुग्णालय असं नसतं. 1986 साली जे.जे.मध्ये भेसळीच्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली आणि त्या अहवालानंतर राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. कौतुकाच्या नकाशात हे कशाला, असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं, औषध भांडाराच्या चित्राशेजारी 14 काळे ठिपके काढायचे. वर्ष लिहायचं. बाकी काही नाही. जे ओळखायचे ते ओळखतील.

आणि दुसऱ्या बाजूला डॉ. नोशीर अंतिया यांचा विभाग. कुष्ठरोग्याला दारात उभं करायला लोक तयार नव्हते, त्या काळात त्यांनी इथं त्या रुग्णांच्या वाकलेल्या बोटांवर, बसलेल्या नाकांवर शस्त्रक्रिया केल्या. ते चित्र कसं काढायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. फक्त हात काढावेत असं वाटतं, चेहरे नकोत.

जमिनीखालचंही दाखवावं लागेल. 2022च्या नोव्हेंबरमध्ये डी. एम. पेटिट इमारतीखाली सुमारे 200 मीटर लांबीचं भुयार सापडलं. पाणी गळतं म्हणून पाहायला गेले आणि भुयार निघालं! इमारतीची कोनशिला 1890ची. मूळची स्त्रिया आणि मुलांच्या रुग्णालयाची ती इमारत, नंतर तिथं परिचारिकांचं महाविद्यालय आलं. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकात 1891च्या नोंदीत बाई काशीबाई गणपत हे नाव येतं, परिचारिकेचं शिक्षण घ्यायला आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून. कुठल्याही सिस्टरना विचारा, परीक्षेपुरतं का होईना, पाठ असतं. त्यांचं चित्र कुठे मिळत नाही. तिथं मी पाठमोरी बाई काढणार आहे, नऊवारीतली.

एका मित्राला हे सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, 'लोक तिथं दुखणं घेऊन जातात रे, इतिहास वाचायला नाही.' खरं आहे. पण गेल्या पावसाळ्यात मेहुण्याला घेऊन चार दिवस जे.जे.ला जावं लागलं, तेव्हा पाहिलं, की दुखणं एकाचं असतं आणि वाट पाहणारे तीन-चार असतात. केस पेपरसाठी थांबा, रिपोर्टसाठी थांबा, राउंड होईपर्यंत थांबा. मोबाइलची बॅटरी संपली की माणूस भिंतीकडे बघत बसतो. भिंतीवर असतं ते 'शांतता राखा' आणि 'थुंकू नका'.

दुसऱ्या दिवशी मी एक्स-रेच्या पाकिटामागे पेन्सिलीनं आवार काढायला घेतलं. शेजारी बसलेल्या मावशी बराच वेळ बघत होत्या. बीडकडच्या होत्या, जावयाला घेऊन आलेल्या, पाच दिवसांपासून तिथंच. त्यांना जमशेटजी सांगितले, हाफकिन सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पाकिटावर बोट ठेवून म्हणाल्या, 'समदं काढलंत, दादा. पानी प्यायचा नळ कुठंय ह्यात?'

तेव्हापासून माझ्या मनात एक नियम पक्का झालाय. आज चालू असलेली प्रत्येक जागा पक्क्या शाईत आणि खऱ्या जागी काढायची. पाडलेल्या, बदललेल्या इमारती तुटक रेषेत, फिक्या तपकिरी रंगात, म्हणजे कुणी 1845च्या दारातून अपघात विभाग शोधत फिरणार नाही. चित्रनकाशाला मापाची सूट आहे, चुकीच्या वाटेची नाही.

आणि तो लावायचा कुठे? अधिष्ठात्यांच्या दालनात नको. गुळगुळीत कागदावर छापून पाहुण्यांना शाल-श्रीफळाबरोबर द्यायलाही नको, ते कपाटात जातं. केस पेपरच्या खिडकीसमोर, रांग वळते त्या भिंतीवर, हात लागला तरी पुसता येईल अशा पत्र्यावर लावावा. मुलं त्यावर बोट फिरवणारच, तेव्हा खालची कडा त्यांच्या उंचीला यावी.

मी हे काम मोबदला न घेता करायला तयार आहे. मला फक्त आवारात फिरून रेखाटनं करण्याची परवानगी आणि जुन्या आराखड्यांची एखादी प्रत हवी. माझा पत्ता व फोन आपल्याकडे आहे, संबंधितांनी विचारल्यास अवश्य द्यावा. आठ चौरस फुटांचा कच्चा आराखडा घरी तयार आहे. हाफकिनच्या खोलीची जागा अजून पक्की करायची आहे, पेटिट इमारतीचा कोपरा दोनदा खोडलाय. नळ मात्र दाखवून ठेवला आहे.

– वैद्यकीय महाविद्यालयातील एक निवृत्त चित्रकार, डोंबिवली