आगोटीआधी किल्ल्याला एक होडी हवी आहे
सिंधुदुर्ग किल्ल्यावरच्या रहिवाशांचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

सुट्टीत मालवणच्या जेटीवरून होडीत बसून किल्ल्यावर येऊन गेलेल्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. दर्यावरून चटकन न दिसणाऱ्या महाद्वारातून तुम्ही आत आलात, श्रीशिवराजेश्वराचं दर्शन घेतलंत, महाराजांच्या हातापायांच्या ठशांपुढे वाकलात. दूधबाव या विहिरीत डोकावून "चारी बाजूंना समुद्र, मग हे पाणी गोड कसं?" असंही अनेकांनी विचारलंत. तुम्हाला माहिती सांगणारी, कोकम सरबताचा ग्लास हातात देणारी माणसं इथलीच. या ४८ एकरांत आमची मोजकी घरं आहेत आणि तुम्ही आलात की आमचं वर्ष चालतं.

मे संपत आला की प्रवासी होड्या बंद होतात, त्या थेट ऑगस्ट संपेपर्यंत. त्याआधी आम्ही आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची, बेगमी करतो: तांदूळ, कडधान्य, सुकी मासळी, कोरडी लाकडं, म्हाताऱ्यांच्या गोळ्या. काही जण बिऱ्हाड मालवणात हलवतात. पण देवाची पूजा आहे, गुरं आहेत, आणि जन्म इथे गेलेल्या माणसांचा पाय निघत नाही. ती इथेच राहतात.

मागच्या आषाढात आमच्यातल्या एका आजींच्या छातीत रात्री कळ आली. समोर मालवणचे दिवे दिसत होते. होडीने पंधरा मिनिटांचं अंतर. पण सीझनच्या होड्या तेव्हा किनाऱ्यावर ओढून झावळांनी शाकारलेल्या, आणि इथे होती फक्त एक जुनी वल्ह्यांची होडी. बाहेर उधाण. आजीच म्हणाल्या, "सकाळ होवंदे. ह्या काळोखात होडी घालू नकात." आम्ही रात्रभर त्यांचे पाय चोळत बसलो. उजाडताना ओहोटी लागली, तेव्हा त्यांना झोळीत घालून नेलं. त्या वाचल्या. पण ती रात्र आमच्यातलं कुणी विसरलेलं नाही, आणि पुन्हा तशी रात्र आली तर काय, हा प्रश्न पहिल्या पावसाबरोबरच घरात शिरतो.

किल्ल्याभोवती पाण्याखाली खडप, म्हणजे खडकांची रांग, आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यावर पूजा करून महाराजांनी कुरटे बेटावर हा जलदुर्ग बांधायला घेतला, तेव्हा परक्या गलबतांना रोखायला हेच खडप कामाचं होतं. आज पावसाळ्यात ते आमचीच वाट अडवतं. वाट जाणणारे तांडेल, म्हणजे होडी हाकणारे, आमच्यात आहेत, हिंमतही आहे. त्या पाण्यात टिकेल अशी होडी तेवढी नाही.

म्हणून मागणं आहे एका फायबरच्या होडीचं, मागे लावायच्या आउटबोर्ड इंजिनासकट. सोबत घडीचं स्ट्रेचर, १२ लाइफ जॅकेट, दोन मोठ्या बॅटऱ्या आणि जाड दोर. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असल्याने इथे नवं बांधकाम करता येत नाही, ते आम्हालाही नको आहे. त्यामुळे होडीसाठी शेड मागत नाही, चांगली ताडपत्री पुरे.

शंभर रुपयेही आम्हाला मोलाचे आहेत. ज्यांना पैसे देणं जमणार नाही त्यांनी वस्तू द्यावी. कुणाकडे वापरलेलं पण धड इंजिन असेल तर आधी आमच्या तांडेलांना दाखवावं, कारण भर दर्यात बंद पडणारं इंजिन नसलेलंच बरं. डॉक्टर मंडळींपैकी कुणी एक दिवस येऊन आमच्या पोरांना प्रथमोपचार शिकवले, तर ती मदत होडीइतकीच मोठी.

पावतीपुस्तक किल्ल्यावर शिवराजेश्वराच्या देवळाजवळ आमच्या माणसांकडे आहे. पावती घेतल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. जमाखर्च तिथेच फळ्यावर लिहिला जाईल, रोजच्या रोज.

होडी मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाण्यात उतरायला हवी, म्हणजे वारा फिरण्याआधी तांडेलांचा तिच्यावर हात बसेल. पहिला नारळ मोरयाच्या धोंड्यावर वाढवू. त्या दिवशी मालवणात असाल तर नक्की या.

आपले,
सिंधुदुर्ग किल्ल्यावरचे रहिवासी