पेशींना साहित्य मानवले का, हेही छापावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्रयोगशाळेत कृत्रिम त्वचा, कूर्चा किंवा अवयव ‘तयार झाल्या’च्या बातम्या अलीकडे विज्ञान पानावर वरचेवर येतात. जैवतंत्रज्ञान शिकवणारी वाचक म्हणून मी त्या आवडीने वाचते. परंतु साच्यात पेशी भरल्या की ऊती आपोआप तयार होते, असा समज त्यांतून होतो. प्रत्यक्षात पेशी ज्या साहित्यावर वाढवतात ते त्यांना मानवले तरच हे घडते, म्हणून हे पत्र.

कोणताही पदार्थ रक्तात किंवा पोषक द्रवात बुडवला की क्षणांतच त्यावर प्रथिनांचा थर बसतो आणि पेशी आपल्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन रेणूंनी चाचपते ती मुख्यतः हीच प्रथिने. विद्यार्थ्यांना आम्ही हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतो. जिलेटिनचा थर दिलेल्या काचेवर त्वचेतील पेशी काही तासांत पसरतात, कडांनी बारीक धागे पुढे काढतात; शेजारच्या बशीत नुसत्या सिलिकॉनवर त्याच पेशी मण्यांसारख्या गोल राहतात आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पोषक द्रव बदलताना त्याच्याबरोबर निघून जातात.

चिकटल्यानंतरही पेशी पदार्थाला ओढून पाहत असते. एंग्लर, डिशर या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की पोषक द्रव तोच ठेवूनही अस्थिमज्जेतील मूळ पेशी (ज्यांपासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात) मेंदूइतक्या मऊ जेलवर चेतापेशींसारख्या, सुमारे १० किलोपास्कल कडकपणाच्या जेलवर स्नायुपेशींसारख्या, तर २५ ते ४० किलोपास्कलवर हाडाच्या पेशींसारख्या घडू लागतात. मला आजही हा निष्कर्ष विलक्षण वाटतो.

शरीरात हा कस आणखी कठीण. स्वीडिश संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाने इतके धरून ठेवले, की ते काढता येईना. आज दाताचा स्क्रू बसवल्यावर दंतवैद्य काही महिने थांबायला सांगतात, ते हाडाला ही पकड घेता यावी म्हणूनच. उलट अनेक पदार्थांभोवती भक्षक पेशी जमतात, एकमेकींत मिसळून महापेशी बनतात आणि शेवटी तंतुमय कवच तयार होऊन तो पदार्थ वेगळा पाडला जातो.

याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, ते स्टॉकहोममध्ये दिसले. शल्यचिकित्सक पाओलो माक्कियारिनी यांनी २०११ पासून मूळ पेशी लावलेल्या प्लॅस्टिकच्या श्वासनलिका प्राण्यांवर पुरेशा चाचण्या न करता रुग्णांना बसवल्या. जगभर कौतुकाचे मथळे झाले. स्वीडनमधील तिन्ही रुग्ण पुढे दगावले आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने माक्कियारिनी यांना अडीच वर्षांचा कारावास ठोठावला.

गुडघे झिजलेले शेजारी आपल्या पानाचे कात्रण घेऊन माझ्याकडे येतात आणि ‘हे कधी मिळेल?’ असे विचारतात. म्हणून विनंती अशी, की साहित्य कोणते होते, पेशी त्यावर किती दिवस टिकल्या आणि प्रयोग बशीत झाला, सशात की माणसात, एवढे तरी अशा प्रत्येक बातमीत द्यावे.

आपली विश्वासू,
जैवतंत्रज्ञानाची एक प्राध्यापिका, पुणे